पंडिता रमाबाई आणि केडगावचे कृपासदन

श्रीतुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघाली की मध्ये केडगावचा चौफुला लागतो. दिंड्या आपल्या नामाच्या नादात सरळ पुढे जातात. तेथून डाव्या अंगाला एक रस्ता केडगाव स्टेशनकडे फुटतो आणि त्या बाजूला मुक्तिमिशनचे आवार आहे. पालखी मात्र वरवंड, उंडवडी, बारामती असे मुक्काम करीत, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण घेऊन आमच्या सणसरला येते. या वाटेने वर्षानुवर्षे चालणाऱ्या किती जणांना त्या आवारात काय घडले हे ठाऊक असेल? ज्या बाईंनी ते स्थान उभे केले त्या पंडिता रमाबाई एका पुराणिक शास्त्रीबोवांच्या कन्या. भागवत तोंडपाठ, आणि सारे बालपण तीर्थाटनात गेलेले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. एवढे ऐकले की आपल्यातले पुष्कळ जण पान उलटतात. तसे करू नये. अनुताप आणि पतितावर देवाची करुणा हा विषय वारकऱ्याला परका नाही, आणि रमाबाईंचे सगळे चरित्र याच दोन गोष्टींचे आहे.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि मोठे हट्टी. बायकांनी संस्कृत शिकू नये हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. समाज उलटला तेव्हा ते सह्याद्रीच्या रानात गंगामुळाला जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पोर काही महिन्यांची असतानाच शास्त्रीबोवांनी बिऱ्हाड मोडले आणि तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून ती पेटी माणसाच्या डोक्यावर देऊन रमाबाईंची पहिली यात्रा झाली. तेव्हापासून वीस वर्षे त्यांना घर असे नव्हते. देवळात बसायचे, पुराण सांगायचे, श्रोते ठेवतील त्या शिध्यावर दिवस काढायचा, आणि उरेल ते दानधर्मात घालायचे. पहाटे आई जवळ घेऊन संस्कृत शिकवी. पंधरा वर्षांच्या आत भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या जिभेवर होते.

मग हातचा पैसा सरला. तीर्थे झाली, व्रते झाली, ब्राह्मणभोजने झाली, आणि घरात दाणा उरला नाही. अंगमेहनत करावी तर विद्वान कुळाचा अभिमान आड येई. भीक मागावी तर तोंड उघडत नसे. १८७४ साली आणि त्यानंतरच्या दुष्काळाच्या काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईला उचलायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, दोन बाजू या भावाबहिणींनी धरल्या. रमाबाईंची उंची कमी, तिरडी खांद्याला पुरेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तशीच स्मशानापर्यंत वाहिली. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या भागाला सांगायला नको. १८७६-७७ साली तोच दुष्काळ इंदापूर तालुक्यातही पडला होता, आणि सणसरच्या उसाला आज ज्याचे पाणी मिळते तो नीरेचा डावा कालवा तेव्हाच दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला.

रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यानंतर पायी हिंडत राहिले. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत हजारो मैल. उपास काढले, थंडीत खड्ड्यात अंग पुरून रात्री काढल्या. दोघांच्या मनातली श्रद्धा या वाटेवर हळूहळू झिजली. विधी सगळे शास्त्राप्रमाणे केले होते, आणि देव तर कुठे भेटला नव्हता. रमाबाईंनी पुढे आपल्या धर्मावर जे कठोर लिहिले ते वाचून आपल्याला राग येतो. मलाही येतो. पण लिहिणारीने तीर्थक्षेत्राच्या वाटेवर आईचे प्रेत डोक्यावरून नेले होते, हे त्या रागात विसरू नये.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झाले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे संपले, आणि कडेवर एक तान्ही मुलगी राहिली.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या विलायतेला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकी राहिली. वाँटेज येथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या, आणि तेथे एक वेगळीच गोष्ट घडली.

मठाच्या भगिनींनी त्यांना एकदा लंडनजवळ फुलॅम येथे नेले. तेथे वाट चुकलेल्या, बाजारात बसलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा देण्याचे काम चाले. रमाबाईंनी पाहिले की ज्या बायकांचे नावसुद्धा घरंदाज माणूस घेणार नाही, त्या तेथे स्वच्छ राहतात, काम करतात, आणि त्यांतल्या काही तर दुसऱ्या आजारी बायकांची सेवा करतात. पंडिताबाईंनी शास्त्रे वाचली होती. अशा स्त्रीला कोणते प्रायश्चित्त आणि कोणता दंड हे त्यांना पाठ होते. तिला जवळ घेऊन पुन्हा माणसात आणावे असे कोणी करताना मात्र त्यांनी पाहिले नव्हते. असे तुम्ही का करता, हे त्यांनी एका भगिनीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा वाचून दाखविली.

कथा थोडक्यात अशी. भर दुपारची वेळ. येशू चालून थकला आणि गावाबाहेर एका विहिरीपाशी बसला. एक बाई एकटीच पाणी भरायला आली. ती शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत त्या जातीची. शिवाय तिचे पाच नवरे होऊन गेलेले, आणि सध्या राहत होती तोही नवरा नव्हता. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तिचे सगळे चरित्र त्याने तिलाच सांगितले, पण त्यात झिडकारणे नव्हते. देवाची उपासना कोणत्या डोंगरावर करावी या वादापलीकडची गोष्ट, म्हणजे देव आत्म्याने भजावा ही, त्याने तिला सांगितली. ती घागर तेथेच टाकून गावात धावत गेली आणि गाव घेऊन परत आली. नाथमहाराजांनी वाळवंटात तापलेले अंत्यजाचे लेकरू कडेवर घेतले ही कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विहिरीवरच्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. रमाबाईंचे मन मात्र त्या कथेने जे धरले ते कायमचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे वारकरी वाचक म्हणेल, अहो, हे आमच्याकडे नव्हते काय? अजामिळ आहे, गणिका आहे, वाल्या कोळी आहे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा तर आपल्या घरचीच. नायकिणीची मुलगी, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, आणि राउळातल्या तरटीच्या झाडापाशी आपण आजही हात जोडतो. खरे आहे. सणसरच्या मुक्कामी रात्री एखाद्या फडावर कान्होपात्रेचे आख्यान लागले की बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागते. पण सरळ विचारायचं तर, तीच कान्होपात्रा त्या रात्री राहुटीच्या दाराशी येऊन उभी राहिली असती तर कुणी आत घेतली असती? रमाबाई भागवत सांगत फिरल्या. अजामिळाची कथा त्यांनीच कितीदा लोकांना ऐकविली असेल. कथा होती. घर नव्हते. अगदीच नव्हते असेही म्हणता येणार नाही: जोतिराव फुल्यांनी पुण्यात १८६३ साली अडलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि आपल्या पंढरीतच १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी तसाच आश्रम काढला. तो पंढरीतच का काढावा लागला याचा विचार यात्रेकरूंनी करावा. घरच्यांनी यात्रेच्या निमित्ताने आणून सोडलेल्या पोरसवदा विधवा तेथे येत, आणि पोर टाकून जात किंवा त्याहून वाईट करीत.

विलायतेहून रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यातून तिकडे मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आले.

बाहेरून पाहिले तर सगळे छान चालले होते. आणि याच वेळी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या आत जे झाले ते माझ्या मते त्यांच्या चरित्रातले सर्वांत मोठे. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली होती. त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. धर्म बुद्धीला पटला म्हणून घेतला, ग्रंथ वाचले, वाद केले, पंथापंथांतले भेद तपासले. म्हणजे पूर्वी जे संस्कृतात केले तेच आता इंग्रजीत केले. चांगली कामे करीत राहिले की देव आपल्याला घेईल, हा हिशेब तसाच राहिला होता. फुलॅमच्या बायकांना ज्या क्षमेने उभे केले ती क्षमा आपल्यालाही लागते, हे पंडितेला तोपर्यंत वाटले नव्हते. ते ज्या दिवशी वाटले त्या दिवशी त्या पदवी, विद्या, पुण्य सगळे बाजूला ठेवून साध्या पाप्यासारख्या देवापुढे बसल्या, आणि त्यांना शांती मिळाली.

ख्रिस्ताने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळे उडवतो, डुकरे राखायची वेळ येते तेव्हा शुद्धीवर येऊन घरी परततो. बाप लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, नवे कपडे घालतो, जेवणावळ करतो. गोष्ट येथे संपत नाही हे लोक विसरतात. थोरला मुलगा शेतावरून येतो आणि रुसून बाहेर उभा राहतो. मी कधी आज्ञा मोडली नाही, मला कधी करडूसुद्धा दिले नाही, अशी त्याची तक्रार. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. गेला तो धाकटा परत येणे अवघड, पण घरात राहून दूर गेलेल्या थोरल्याचे परत येणे त्याहून अवघड. रमाबाई कधी वाममार्गाला लागल्या नव्हत्या. त्यांचा अनुताप हा थोरल्या भावाचा अनुताप होता, असे मला वाटते. आणि तो झाला म्हणूनच पुढे कृपासदनातल्या बायकांकडे त्या वरून खाली पाहू शकल्या नाहीत.

१८९३ साली पुण्यात वादळ उठले. सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या घालवून देत नसत. लोकांचा संशय वाढला, केसरीने टीका केली, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या, आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढले. विश्वासाने मुलगी ठेवणाऱ्या बापाची तक्रार खोटी नव्हती. रमाबाईंना आपले दार लावून घेणे जमत नव्हते हेही खरे. दोन्ही बाजूंना दुःख झाले.

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती. विहिरी खणल्या, झाडे लावली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे मरत आहेत हे कळल्यावर रमाबाईंना आपली आई आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत आणि रस्त्यांवर पोरीबाळींचे हाल त्यांनी पाहिले. भुकेल्या मुलींना भाकरीचे आमिष दाखवून नेणारे दलाल पाहिले. याआधी वृंदावनाकडे यात्रेकरू बाईच्या वेशात जाऊन त्यांनी तेथल्या विधवांची दशा पाहिलीच होती. तीनशे मुली आणायचा संकल्प करून त्यांनी त्या आणल्या. पुण्यात प्लेग, सरकार नव्या मुली शहरात ठेवू देईना, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या घातल्या. तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाडकडून आणखी मुली आल्या आणि आवारातली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. खायला एवढी तोंडे, आणि ठरावीक उत्पन्न काही नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही, देवाजवळ मागायचे, हा त्यांचा नेम. जो कुणाकडे भाकरी मागताना लाजेने मुका होत असे त्या घरच्या मुलीचा हा नेम, हे लक्षात ठेवावे.

कृपासदन निघाले ते या दिवसांत, १८९९ च्या सुमारास. दुष्काळातून आणलेल्यांत काही बायका अशा होत्या की ज्या फसवल्या गेल्या होत्या, विकल्या गेल्या होत्या, किंवा पोटासाठी त्या धंद्यात गेल्या होत्या. कित्येक रोगाने पोखरलेल्या. त्यांना लहान मुलींत ठेवणे बरे नव्हते, आणि बाहेर काढणे म्हणजे पुन्हा तेथेच ढकलणे. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे घर बांधले. फुलॅमला पाहिले होते ते सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उभे राहिले. नावातच त्यांनी सगळे सांगितले. पतितांचे सदन नाही म्हटले, सुधारगृह नाही म्हटले, कृपासदन म्हटले. तेथे औषधपाणी होते, काम होते, अक्षरओळख होती, आणि सकाळसंध्याकाळ प्रार्थना होती. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन निघाले. आंधळ्या बायकांसाठी बायबलातल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याचे नाव देऊन सदन काढले आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकविले. हातमाग, तेलघाणा, गाईम्हशी, शेती, छापखाना, सगळी कामे बायकाच करीत.

हे सगळे ख्रिस्ती धर्मात नेण्यासाठीच, असे तेव्हाही म्हणत. रमाबाईंनी ते लपविले नाही. केडगाव उघडउघड ख्रिस्ती स्थान होते आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले असे आपण म्हणतो. या मुली कुठल्याही पुलावरून गेल्या नाहीत, त्या भुकेच्या वाटेने गेल्या. त्या वाटेवर दुसऱ्या कुणाचे किती दरवाजे उघडे होते, हे मोजून मग दोष द्यावा.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तिसदनात एक विलक्षण गोष्ट झाली. काही महिन्यांपासून रमाबाई आणि शेकडो मुली रोज जमून प्रार्थना करीत होत्या. एके रात्री एका मुलीला आपल्या पापाच्या जाणिवेने रडे फुटले आणि बघता बघता ते सगळीकडे पसरले. मोठ्या मोठ्याने रडत मुली आपले अपराध बोलून दाखवू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. वर्ग थांबले, कामे थांबली. मग रडण्याचे हसणे झाले, गाणे झाले. बाहेरच्या काही सुशिक्षितांना हा वेडाचार वाटला. कीर्तनात ज्याने कंठ दाटलेला, घाम फुटलेला, अंग थरथरलेले पाहिले आहे त्याला तसे वाटू नये. आपल्याकडे अष्टसात्त्विक भाव म्हणतात तेच हे. नंतर याच मुली टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत जाऊन आपली हकीकत सांगू लागल्या.

शेवटची अठराएक वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. जुने मराठी बायबल त्यांना जड वाटे. केडगावच्या बाईला ते समजत नसे. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या पंडितेने मुद्दाम साधी, खेड्यातल्या बायकांना कळेल अशी मराठी लिहायची ठरविली. त्यासाठी पंचेचाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या शिकल्या. कान तर आता जवळजवळ गेलेच होते. मजकूर त्यांचा आणि छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तीही बायकांच्या हातची. खिळे जुळवणाऱ्यांत दुष्काळात सापडलेल्या मुली होत्या, ज्यांना तेथे येईपर्यंत अक्षर ठाऊक नव्हते.

मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. २४ जुलै १९२१ रोजी त्या गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंनी हाही घाव सोसला आणि पुन्हा भाषांतराच्या कागदांना हात घातला. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. केडगावलाच त्यांना पुरले. छपाई मागे राहिली होती ती मुलींनी चालू ठेवली, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली त्या छापखान्यातून बाहेर पडले.